तार ग्रामपंचायतीपर्यंत, पुढे काय?

शहरात एका इमारतीपाशी तार आणली की चाळीस बिऱ्हाडे जोडली जातात. कोकणातल्या विखुरलेल्या वाडीत तेवढ्याच तारेने एखादे घर गाठले तरी पुष्कळ. खासगी कंपन्या तिकडे फिरकत नाहीत, यात दुष्टावा नाही, साधा हिशेब आहे : तार ओढण्याचा खर्च ग्राहक एक असो वा शंभर, जवळजवळ तोच.

हे जाणूनच सरकारने 2011 साली सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याची योजना मंजूर केली. ‘भारतनेट’ हे तिचे पुढचे नाव. तिचा पैसा ज्या निधीतून आला, तो दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील 5 टक्के आकारणीतून जमतो. म्हणजे अखेर ग्राहकाच्याच खिशातून. वेगवान जोडणी न मिळालेला खेडूतही मोबाइलच्या रिचार्जमधून ही वर्गणी भरीत आला आहे, याचा उच्चार सहसा होत नाही.

तार ग्रामपंचायतीच्या कपाटापाशी थांबली, तर घरच्या विद्यार्थ्याला मोबाइलचाच आधार. मनोऱ्याची क्षमता सर्वांत वाटली जाते. रात्री वेग मंदावतो, आणि अर्ज नेमका शेवटच्या दिवशी अडकतो. 2023 साली ब्रॉडबँडची किमान मर्यादा सेकंदाला 512 किलोबिटवरून 2 मेगाबिट झाली खरी; पण घरातली दोन मुले एकाच वेळी तासाला बसली की तीही अपुरीच.

2023 च्या सुधारित आराखड्यात घरजोडण्यांचाही समावेश आहे. मात्र अनुदान अंथरलेल्या किलोमीटरवर न देता वर्षभर चालू राहिलेल्या जोडणीवर द्यावे, आणि अखेरचा टप्पा गावच्या केबलवाल्याकडे सोपवावा. तार तुटली तर कोणाचे दार ठोठवायचे, हे निदान गावाला ठाऊक असेल.