एका दोराला तिघं: अँडीजच्या बर्फात गाईड नक्की कशाचे पैसे घेतो?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, ज्यांचं बोगद्यात नेट गेलं, किंवा ज्यांना माझा आवाज दीडपट वेगानेही सहन होत नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना जिथे वाहवत गेलो ते कापलंय. बाकी तसंच आहे.

इक्वेडोरचे फोटो टाकल्यापासून तुमच्याकडून दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा येतायत. पहिला असा की कळसूबाई, हरिश्चंद्रगड झालेत, हिमालयातला एखादा ट्रेक झालाय, तर गाईड घेऊन असा बर्फाळ ज्वालामुखी चढता येईल का? दुसरा जरा तिखट आहे. एवढे पैसे भरल्यावर गाईडने शिखराच्या खालूनच परत फिरवलं, तर ती फसवणूक नाही का? पहिल्याचं उत्तर लगेच देतो: तब्येत धडधाकट असेल आणि घाई नसेल, तर बऱ्याच जणांना जमेल. दुसऱ्यासाठी मात्र अख्खा भाग लागला.

आधी जागा समजून घेऊ. इक्वेडोर विषुववृत्तावर आहे, तरी तिथे बारमाही बर्फ आहे. कोतोपाक्सी ५,८९७ मीटर, कायांबे ५,७९० मीटर आणि चिंबोराझो ६,२६३ मीटर. कायांबेची गंमत अशी की विषुववृत्ताची रेषा त्याच्या दक्षिण उतारावरून जाते, आणि पूर्ण विषुववृत्तावरचं सगळ्यात उंच ठिकाण तिथेच आहे. चिंबोराझोची गंमत त्याहून भारी. पृथ्वी मध्यावर फुगलेली आहे, त्यामुळे समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर एव्हरेस्टपेक्षा चिंबोराझोचं टोक साधारण दोन किलोमीटर जास्त लांब पडतं. म्हणजे मोजपट्टी कुठून धरायची यावर उंची ठरते. आमच्या ऑफिसातल्या डॅशबोर्डांसारखंच.

आणि हे नुसते डोंगर नाहीत. कोतोपाक्सी जिवंत आहे. १८७७ च्या उद्रेकात त्याच्या माथ्यावरचं बर्फ वितळलं, आणि राख, दगड, पाणी यांचा चिखल शंभर किलोमीटरहून जास्त वाहत एका बाजूने पार पॅसिफिकपर्यंत गेला. लाताकुंगा नावाचं गाव त्यात उद्ध्वस्त झालं. अलीकडे २०१५ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तो जागा झाला. २०१५ नंतर दोन वर्षं चढाई बंद होती. म्हणजे तुम्ही तिकीट काढून बसाल आणि डोंगरच सुट्टीवर जाईल, असं खरंच होऊ शकतं.

आता हवेचं बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वर ऑक्सिजन कमी होतो असं आपण म्हणतो, पण हवेतला त्याचा वाटा सगळीकडे सारखाच असतो, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात निम्माच ऑक्सिजन. शरीर लगेच जास्त श्वास घ्यायला लागतं. पण जास्त श्वास म्हणजे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर, त्यामुळे रक्त अल्कधर्मी होतं, आणि मेंदू म्हणतो, "पुरे, हळू घे." हा ब्रेक सैल करायचं काम मूत्रपिंडं करतात. ती दोन-चार दिवसांत बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणून उंचीवर सारखं लघवीला जावं लागणं हे बऱ्याचदा चांगलं लक्षण असतं. नव्या लाल पेशी तयार होऊन त्यांचा खरा उपयोग व्हायला तर आठवडे लागतात. ही प्रोसेस पैसे टाकून फास्ट होत नाही. डायमॉक्ससारखी गोळी मूत्रपिंडांना थोडी मदत करते, तीही डॉक्टरांना विचारून घ्यायची. दिवस मात्र द्यावेच लागतात.

आणि इथे फिटनेस फारसा कामाला येत नाही. एडवर्ड व्हिंपर हे नाव काहींनी ऐकलं असेल. १८६५ मध्ये मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा पोचलेला इंग्रज गिर्यारोहक. उतरताना तिथे दोर तुटला आणि सात जणांपैकी चार जण गेले. हाच व्हिंपर १८८० च्या जानेवारीत चिंबोराझोवर पहिल्यांदा पोचला, सोबत ज्याँ-आंत्वान आणि लुई हे कारेल घराण्यातले दोन कसलेले इटालियन गाईड. पण आधी काय झालं माहितीये? पाच हजार मीटरच्या आसपासच्या कॅम्पवर हे तिघंही डोकं धरून, धापा टाकत आडवे झाले. आणि त्यांच्याबरोबरचा पेरिंग नावाचा माणूस, ज्याची तब्येत मुळातच यथातथा होती, तो मस्त हिंडत होता! उंची कोणाला लागेल आणि कोणाला नाही, हे आजही चेहरा किंवा मॅरेथॉनचं मेडल बघून सांगता येत नाही. सह्याद्रीत आपले पाय तयार होतात, पण १,६४६ मीटरच्या कळसूबाईला फुप्फुसांची अशी परीक्षा घेताच येत नाही.

म्हणून ट्रिपचा बहुतेक वेळ शिखरांवर जात नाही, तर वाट बघण्यात जातो. क्विटो शहरच २,८५० मीटरवर. तिथे दोन रात्री नुसतं राहायचं. मग केबल कारने चार हजाराच्या जवळ जाऊन रुकू पिचिंचा चढायचा आणि झोपायला खाली. मग इलिनिझा नॉर्टे, ५,१२६ मीटर. परत खाली. उंच चढा, खाली झोपा. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा डॉक्टरांचा साधारण नियम आहे. "पाच दिवसांत कोतोपाक्सी" अशी जाहिरात दिसली की हा हिशोब घालून बघा.

रोज नाश्त्याला आमचे गाईड तेच चार प्रश्न विचारायचे: डोकं दुखतंय? झोप लागली? जेवण गेलं? चक्कर? मग बोटाला ऑक्सिमीटर. ४,६०० मीटरवर माझा आकडा ८३ होता आणि ते खुशीत मान हलवत होते. घरी हाच आकडा दिसला असता तर आईने ॲम्ब्युलन्स बोलावली असती.

आता मध्यरात्रीचं. आपण हरिश्चंद्रगड रात्री चढतो तो सूर्योदयासाठी आणि उन्हापासून वाचायला. इथे रात्री अकरा-बारा वाजता निघतात ते बर्फासाठी. थंडीत बर्फ घट्ट असतं, बुटांखालचे क्रॅम्पॉनचे काटे नीट रुततात, वरचे दगड बर्फात धरून राहतात, आणि हिमनदीच्या भेगांवर तयार झालेले बर्फाचे पूल वजन पेलतात. विषुववृत्तावर सूर्य वर्षभर सहाच्या सुमाराला उगवतो आणि झपाट्याने डोक्यावर येतो. मग तेच पूल मऊ पडतात, दगड सुटतात. त्यामुळे रिफ्यूजमधून निघतानाच एक वेळ ठरलेली असते. त्या वेळेपर्यंत शिखर आलं तर आलं, नाहीतर जिथे असाल तिथून मागे. आमच्याकडे रात्री रिलीज करताना रोलबॅकची वेळ आधीच लिहून ठेवतो, कारण पहाटे चार वाजता दमलेला माणूस "अजून दहाच मिनिटं" म्हणतोच. ५,५०० मीटरवरचा माणूस तर जास्तच म्हणतो. कमी ऑक्सिजनमध्ये सगळ्यात आधी बिघडतो तो आपला निर्णय, आणि तो बिघडलाय हे आपल्यालाच कळत नाही.

मग दोर. हिमनदीवर साधारणपणे एका गाईडमागे दोनच माणसं असतात, तिघं एका दोराला. एक जण भेगेत गेला तर बाकीचे दोघं बर्फात कुऱ्हाड रोवून त्याला धरतात. कायांबेच्या आदल्या दिवशी अख्खी दुपार आम्ही हेच केलं: मुद्दाम घसरायचं, पालथं व्हायचं, कुऱ्हाड रोवायची, पुन्हा वर. कंटाळा येईपर्यंत.

माझ्या दोराला चिलीहून आलेली एक शिक्षिका होती. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आणि फिटनेसमध्ये कितीतरी पुढे. इलिनिझावर ती सगळ्यात आधी पोचली होती. कायांबेवर पहाटे साडेचारच्या सुमाराला, साधारण साडेपाच हजारावर, तिची पावलं वाकडी पडायला लागली. आधी वाटलं वारा आहे. गाईड थांबले, तिला एका पावलाला दुसरं पाऊल चिकटवून सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिला तीन पावलंही जमेनात. डोकं दुखणं वेगळं आणि तोल जाणं वेगळं. तोल जाणं हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण असू शकतं, आणि त्यावर पहिला उपाय एकच, ताबडतोब खाली. गाईड दोनच शब्द बोलले, "बाहामोस. तोदोस." उतरतोय. सगळे.

मला काहीही होत नव्हतं. शिखर तीनशे मीटरच्या आत होतं. दीड वर्षाची बचत, ऑफिसात जोडून जोडून घेतलेली रजा, सगळं त्या एका शब्दात खाली निघालं. मी विचारलं की मी दुसऱ्या दोराला जोडून जाऊ का. जवळच्या दोन्ही दोरांना आधीच दोन-दोन माणसं होती. इथेच थांबू का? उणे तापमानात, भेगांच्या मध्ये, एकट्याने, दोराशिवाय? त्यांनी उत्तरही दिलं नाही, दोर आखडून घेतला. ती एकटी उतरू शकत नव्हती, मी एकटा थांबू शकत नव्हतो, आणि गाईड एकच होते. गणित एवढंच.

उतरताना मी चिडलेलो होतो, खोटं कशाला सांगू. रिफ्यूजला पोचेपर्यंत तिची पावलं बरीच सरळ झाली. मग जीपने आणखी खाली, आणि दुपारी गावात ती बटाट्याचं सूप दुसऱ्यांदा मागत होती. ही जादू उंचीची. एक हजार मीटर खाली आलात की चित्र बदलतं, आणि उशीर केलात तर बदलत नाही. चार दिवसांनी कोतोपाक्सीवर दुसऱ्या जोडीदाराबरोबर मी वर पोचलो. ती त्या रात्री मुद्दाम खालीच राहिली.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: फसवणूक नाही. शिखर विकायला गाईडकडे नसतंच. तुम्ही पैसे देता ते अशा माणसाला, ज्याचं डोकं त्या उंचीवर तुमच्यापेक्षा नीट चालतं आणि ज्याला तिथे तुमच्या बचतीशी काही घेणंदेणं नाही. आमच्या गाईडना शिखर झालं काय, न झालं काय, मजुरी तेवढीच होती. ही व्यवस्था मला फार आवडली. वर पोचवल्यावर बोनस मिळणार असता, तर त्यांना तिची वाकडी पावलं दिसली असती का, कोण जाणे.

फसवणूक व्हायची तर ती डोंगरावर नाही, बुकिंगच्या वेळी होते. त्यामुळे विचारायचं ते तेव्हा. बर्फावर एका गाईडमागे किती जण? उत्तर तीन किंवा जास्त आलं तर पुढचं कोटेशन बघा. दोरावरचा एक जण परतला तर दुसऱ्याचं काय, एखादा जादा गाईड ठेवता का? काही जण ठेवतात, त्याचे डॉलर वेगळे पडतात (हो, इक्वेडोरचं चलन २००० सालापासून अमेरिकन डॉलरच आहे). हवामान बिघडलं किंवा डोंगर बंद झाला तर राखीव दिवस आहे का, की नुसतं "बघू"? आणि विमा. बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये उंचीची मर्यादा बारीक अक्षरात असते, आणि दोर-क्रॅम्पॉन वापरून केलेली चढाई कित्येकदा पूर्ण वगळलेली असते. मीटरचा आकडा शोधा, हेलिकॉप्टर किंवा बचावाचा खर्च धरलाय का ते बघा. ही सगळी उत्तरं फोनवर नाही, मेलवर घ्या, आणि ॲडव्हान्स भरायच्या आधी.