काळ्या खिडकीशी बोलताना

भुईगावात राहणाऱ्या माणसाच्या कवितेत समुद्र येणारच. माझ्या तर फारच येतो. किती ठिकाणी आलाय, हे एकदा पाहावं म्हटलं. वह्या जाऊन घरात कम्प्युटर आला होता आणि चारशेच्या वर कविता एकाच फोल्डरात पडलेल्या. फायली उघडून उघडून थकलो, तेव्हा लेक म्हणाली, "अब्बा, टर्मिनल उघडा ना."

टर्मिनल म्हणजे काळी खिडकी. चित्रं नाहीत, माउसचं काम नाही. हुकूम टंकायचा, एंटर दाबायचं, उत्तर वाचायचं. आमच्याकडे लिनक्स आहे. त्यातला पहिला हुकूम 'पीडब्ल्यूडी'. आपल्याला रस्त्यांचं खातं आठवतं, पण इथं त्याचा अर्थ 'मी आत्ता कुठल्या फोल्डरात आहे?' 'एलएस' म्हणजे इथं काय काय आहे ते दाखव. 'सीडी' आणि पुढं फोल्डरचं नाव, म्हणजे तिकडं चल. सगळं रोमन लिपीत, लहान अक्षरांत. पहिला आठवडा एवढ्यावर निभतो. पुढचं शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे मराठी पाठ आहेत. मी तेच ऐकत शिकलो.

मग 'ग्रेप' भेटला. 'ग्रेप', पुढं 'समुद्र' आणि पुढं तारांकन. तारांकन म्हणजे इथल्या सगळ्या फायली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच समुद्राच्या साऱ्या ओळी समोर! तीच उपमा चार-चारदा वापरलेली, तेही उघडं पडलं.

अशानं माणूस धीट होतो. एकदा '.बीएके' शेपटाच्या जुन्या प्रती पुसायला बसलो. पुसायचा हुकूम 'आरएम'. त्यापुढं तारांकन आणि त्याला चिकटून '.बीएके' लिहायचं. माझ्या हातून मध्ये एक मोकळी जागा पडली. तारांकन सुटं झालं. 'आरएम' काही विचारत नाही, कचरापेटीतही टाकत नाही. '.बीएके' नावाची फाइल सापडत नाही, एवढीच तक्रार आली. 'एलएस' केलं, तर फोल्डर रिकामं.

बऱ्याच कविता पेन ड्राइव्हवर मिळाल्या, काही जुन्या वह्यांत. अकरा गेल्या. आता पुसण्याआधी तोच मजकूर 'एलएस'पुढं लिहून पाहतो. जे पुसलं जाणार त्याचीच यादी दिसते. 'आरएम'पुढं 'उणे आय' लावलं, तर प्रत्येक फायलीला विचारतो.

त्या अकरांतल्या एकीच्या दोन ओळी लेकीला पाठ होत्या. तिनं म्हटल्या, मी पेनानं वहीत उतरवून घेतल्या.