ब्लॉसम स्ट्रीटवरचं लोकरीचं दुकान

हलकंफुलकं, उभारी देणारं वाचायचंय? डेबी मॅकोंबर यांची २००४ मध्ये सुरू झालेली ‘ब्लॉसम स्ट्रीट’ मालिका घ्या. दोनदा कॅन्सरमधून उठलेली लिडिया सिअ‍ॅटलमध्ये लोकरीचं दुकान काढते, विणकाम शिकवू लागते. पहिला धडा बाळाच्या दुलईचा. शिकायला येतात तिघी: सुनेवर नाराज जॅकलिन, मूल व्हावं म्हणून उपचार घेणारी कॅरल आणि कोर्टाने समाजसेवेची शिक्षा दिलेली अ‍ॅलिक्स.

काहींना हे सगळं अती गोड वाटतं, प्रत्येकीचा प्रश्न शेवटी अलगद सुटतो म्हणून. तक्रार रास्त आहे. पण आजारपणात याच पुस्तकांचा आधार वाटलेले वाचकही आहेतच. मला तर लिडियाची आजार परतण्याची भीती फार खरी वाटली. शिवाय विणणाऱ्यांसाठी पहिल्या पुस्तकात दुलईचा नमुनाही आहे!