तुमची गिटार, तुमचा फंडा!

बुलेटचा सायलेन्सर बदलायचा, जीपला मोठे टायर टाकायचे, गाडीला मनासारखा रंग मारायचा... मॉडिफिकेशनचा नाद कोल्हापूरकरांना नवीन नाही. मग पगारातून हौसेनं घेतलेली इलेक्ट्रिक गिटार तरी दुकानातून आली तशीच का ठेवायची? आवडत्या रॉकस्टारसारखी ती दिसावी, वाजावी असं वाटणारच. पण मंडळी, रंगाचा डबा उघडण्याआधी एक बघा. या रॉकस्टार्सनी आपल्या गिटारी बदलल्या त्या कशासाठी?

जुगाडाचे बाप

'क्वीन' हा बँड तसा आपल्या जवळचा. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथंच १९५८ मध्ये मित्रांसोबत त्यानं 'द हेक्टिक्स' बँड काढला होता. क्वीनचा गिटारिस्ट ब्रायन मे तिकडे लंडनमध्ये वाढला. शाळकरी पोराला फेंडर गिटार परवडत नव्हती. मग १९६३ मध्ये तो आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी घरीच गिटार बनवायला घेतली. नेकसाठी जुन्या फायरप्लेसचं महोगनी लाकूड, ट्रेमोलोला मोटरसायकलच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग, त्याच्या दांड्याच्या टोकाला विणकामाची सुई, फ्रेटबोर्डवरच्या ठिपक्यांना शिंपल्याची बटणं! हीच ती 'रेड स्पेशल'. क्वीनच्या गाण्यांमधला तो ओळखीचा गिटारचा आवाज तिचाच.

एडी व्हॅन हेलनची गोष्ट वेगळी. त्याला स्ट्रॅटचा ट्रेमोलो हवा होता आणि गिब्सनचा भरदार आवाज. दोन्ही एकत्र कुठं मिळेना. मग ५० डॉलरची बॉडी, ८० डॉलरची नेक आणि जुन्या गिब्सनमधून काढलेला पिकअप जोडून त्यानं 'फ्रँकेनस्ट्रॅट' तयार केली. लाल-पांढरे-काळे पट्टे जगभर कॉपी झाले, पण खरी कमाल आतल्या जोडणीत होती.

कान महत्त्वाचा!

हे समजायला अमेरिकेला जायला नको, मिरज पुरे. २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालेल्या तिथल्या सतार-तानपुऱ्यांची जवारी कशी काढतात, ते बघा. घोडीचा पृष्ठभाग हलक्या हातानं घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. वाजवणाऱ्याला हवा तसा झंकार येईपर्यंत हे चालतं. गिटारच्या कस्टमायझेशनचाही फंडा हाच.

सुरुवात कुठून कराल?

* आधी सेट-अप: तारांची जाडी, फ्रेटपासूनची उंची आणि नेकचा बाक नीट करून घ्या. बऱ्याचदा 'ही गिटार बेकार आहे' ही तक्रार इथंच संपते.

* मग पिकअप: सिंगल कॉइलचा आवाज खणखणीत, पण घुंई करणारा. हमबकरमध्ये दोन कॉइल एकमेकींची घरघर मारतात, आवाज जाड होतो. पॉटही जुळवून घ्या. सिंगल कॉइलला साधारण २५० के, हमबकरला ५०० के.

* शिल्डिंग: आतल्या खाचेत तांब्याची पट्टी चिकटवून अर्थ केली, की बाहेरून येणारा बराचसा खरखराट कमी होतो. खर्च किरकोळ, फरक जाणवणारा.

* धातूकाम: शिरोली किंवा गोकुळ शिरगावात लेथवाला दोस्त आहे? मग ट्रेमोलोखालचा ब्लॉक मापानुसार पितळेत बनवून घेता येईल. असलं भाग्य सगळ्याच शहरांतल्या गिटारिस्टना नसतं!

* रंग सगळ्यात शेवटी: जाड थर दिला तर नेकची खाच घट्ट होते, म्हणून ती टेपनं झाका.

एक मात्र लक्षात ठेवा. लाकूड एकदा कोरलं की परत भरत नाही. त्यामुळे मोठी खाच पाडायची असेल तर हात स्वस्तातल्या गिटारवर साफ करा आणि काढलेले मूळ पार्ट डब्यात जपून ठेवा. एका वेळी एकच बदल करा, दोन-तीन आठवडे वाजवून बघा, मगच पुढचा. हिरोचे पट्टे खुशाल मारा, पण आत काय बसवायचं ते मात्र तुमच्या कानाला ठरवू द्या. मग बघा, नाद खुळा!