इंग्रजांचे ‘छान’



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर बोलावे, अर्थकारणावर बोलावे; ‘नाइस’, ‘ग्रेट’, ‘ब्रिलियंट’ असल्या किरकोळ शब्दांवर तासभर बोलण्यासारखे काय आहे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. माझेही मत पूर्वी तेच होते. ते एका पत्रामुळे बदलले.

माझ्या एका विद्यार्थ्याला पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत जावयाचे होते. त्याने माझ्याकडे शिफारसपत्र मागितले. मुलगा खरोखरीच हुशार. मी चार वेळा खोडून, विचार करून पत्र लिहिले : हा ‘गुड’ विद्यार्थी आहे, कष्टाळू आहे, ह्याचे काम ‘सॅटिस्फॅक्टरी’ असते. आमच्या लहानपणी गुरुजींनी वहीवर ‘ठीक’ एवढा शेरा मारला तरी आम्ही ती वही घरोघर दाखवीत हिंडत असू. तेव्हा मी आपला समजत होतो की, मी मुलाची तोंड भरून स्तुती केली. त्याला प्रवेश मिळाला नाही. सगळा दोष माझ्या पत्राचा असेल असे नाही. पण पुढे तिकडे अध्यापन करणाऱ्या एका स्नेह्याला मी पत्राची प्रत दाखविली, तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, “सर, ही शिफारस नव्हे, ही तक्रार झाली!” असल्या पत्रात ‘गुड’ म्हणजे बेताचा, आणि ‘सॅटिस्फॅक्टरी’ म्हणजे सांगण्यासारखे काही सापडले नाही.

कोशातला अर्थ मला ठाऊक होता. बाजारभाव ठाऊक नव्हता. तेव्हापासून मी ह्या शब्दांचा पिच्छा पुरविला.

प्रथम ‘नाइस’ घेऊ. ह्याचे मूळ लॅटिन ‘नेसियस’, म्हणजे अज्ञ, काही न जाणणारा. सुमारे सातशे वर्षांपूर्वी इंग्रजीत हा शब्द शिरला तो ‘मूर्ख’ ह्या अर्थाने. मग तो लाजऱ्या माणसाला लागू लागला, मग नखरेल आणि चोखंदळ माणसाला. चोखंदळ माणूस बारकावे पाहतो, म्हणून पुढे तो ‘सूक्ष्म’, ‘काटेकोर’ असा झाला. आणि अठराव्या शतकात ‘छान’ ह्या अर्थावर येऊन स्थिरावला. मूर्खापासून छानापर्यंतचा एवढा प्रवास क्वचितच कोणा शब्दाने केला असेल. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ ह्या कादंबरीत नायक नायिकेची ह्याच शब्दावरून थट्टा करतो : तुम्हाला पुस्तकही नाइस, दिवसही नाइस, फिरणेही नाइस! ही कादंबरी 1817 च्या अखेरीस, लेखिकेच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला होता.

असा एक शब्द झिजला की दुसरा जोरकस शब्द लागतो. तो कोठून आणावयाचा? पुष्कळदा तो भीतीच्या गोदामातून येतो, ही मला ह्या साऱ्या अभ्यासातली फार गमतीची गोष्ट वाटते. ‘टेरिफिक’ म्हणजे थरकाप उडविणारे. मिल्टनने ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये हा शब्द सर्पाच्या वर्णनात योजला आहे. तोच शब्द आज आइस्क्रीमला लागतो. ‘ऑ’ म्हणजे ईश्वरापुढे किंवा पर्वतापुढे वाटणारा आदरयुक्त धाक. त्याची दोन लेकरे : ‘ऑफुल’ आणि ‘ऑसम’. एकाच घरातली ही भावंडे. पण एक बिघडले, दुसरे नावारूपाला आले. ‘ऑफुल’ म्हणजे आता अगदी टाकाऊ, तर ‘ऑसम’ म्हणजे, विशेषतः 1980 नंतरच्या अमेरिकी तरुणांच्या तोंडी, सर्वोत्कृष्ट. त्यातही खुबी अशी की, ‘ऑफुली’ हे क्रियाविशेषण मात्र स्तुतीच्या पंगतीत अजून बसते. ‘ऑफुली नाइस’ म्हटले तर कोणी रागावत नाही.

आपण हसण्याचे कारण नाही. आपणही ‘भयंकर सुंदर’ म्हणतोच. ‘जबरदस्त’ हा फारसी शब्द मुळात ज्याचा हात वर आहे अशा बलवानाचा. त्याच्याच ‘जबरदस्ती’ ह्या कन्येला आपण घाबरतो आणि गाणे ऐकून मात्र ‘जबरदस्त!’ म्हणून दाद देतो.

दुसरे कोठार काल्पनिक गोष्टींचे. ‘फॅब्युलस’ म्हणजे दंतकथेतले, ‘फॅन्टॅस्टिक’ म्हणजे केवळ कल्पनेत असणारे. पूर्वी एखाद्याच्या हकिगतीला ‘फॅब्युलस’ म्हणणे म्हणजे ती थाप आहे असे सुचविणे होय. ‘ब्रिलियंट’ हा फ्रेंचांकडून आलेला चमचमणारा शब्द. इंग्लंडमध्ये त्याची आता इतकी रेलचेल आहे की, तुम्ही गुरुवारी येतो म्हणालात तरी समोरचा ‘ब्रिलियंट’ म्हणतो. त्यात आपल्या बुद्धीचे कौतुक शोधू नये.

तिसरे कोठार समुद्राचे, आणि इंग्रजांच्या बाबतीत ते असणारच. ब्रिटिश आरमारात लढाऊ जहाजांच्या सहा प्रती असत. शंभर किंवा अधिक तोफांचे जहाज ते ‘फर्स्ट-रेट’. 1805 साली ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सन ज्या ‘व्हिक्टरी’वर होता, ते ह्याच प्रतीचे. आज कोणाला ‘थर्ड-रेट’ म्हटले तर मारामारी होईल. परंतु आरमाराचा खरा कणा चौऱ्याहत्तर तोफांची तिसऱ्या प्रतीची जहाजेच होती! तसेच ‘ए-वन’. लंडनमध्ये लॉइडच्या कॉफीगृहात जहाजांचा विमा उतरविणारी मंडळी जमत. अठराव्या शतकात त्यांनी जहाजांची नोंदवही सुरू केली. तीत जहाजाच्या सांगाड्याला अक्षर आणि नांगर, दोरखंड वगैरे सरंजामाला आकडा देण्याची पद्धत पडली. सांगाडा उत्तम तर ‘ए’, सरंजाम उत्तम तर ‘वन’. विम्याच्या वहीतला हा शेरा बोलीत उतरला आणि फिरत फिरत आपल्याकडे येऊन पोहोचला. मिसळ ‘एकदम ए-वन’ आहे असे म्हणताना आपण तिला समुद्रप्रवासाला योग्य ठरवितो.

ह्या देवघेवीत आपणही काही दिले आहे. आपल्याकडचा ‘पक्का’ साहेबांनी उचलला. 1886 साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ ह्या अँग्लो-इंडियन कोशात तो आहे. पुढे 1999 साली जेमी ऑलिव्हर नावाच्या तरुण आचाऱ्याने दूरचित्रवाणीवर पदार्थ चाखून ‘पक्का!’ म्हणण्याचा असा सपाटा लावला की, विलायतेत तो चविष्टपणाचा शब्द झाला. आपल्या घरी मात्र ‘पक्का’ हा भिंतीला, रंगाला आणि चोरालाच लागतो.

उलटी गंगाही वाहते. ‘विकेड’ म्हणजे दुष्ट. त्याचा झकास ह्या अर्थी उपयोग फिट्झजेराल्डच्या 1920 सालच्या कादंबरीत सापडतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीत ‘बॅड’ हा शब्द विशिष्ट हेल काढून उच्चारला की तो स्तुतीचा होतो. ‘कूल’ हाही त्यांच्या जॅझ वादकांनी रूढ केलेला. सभ्य समाज ज्याला वाईट म्हणतो त्याला आम्ही चांगले म्हणू, ही त्यामागची खूण मला केवळ पोरकट वाटत नाही. ज्यांना कोणी चांगले म्हटले नाही, त्यांनी ‘चांगला’ हा शब्दच स्वतः नव्याने घडविला.

आता सर्वांत निसरड्या जागेकडे येतो. इंग्रज माणूस ‘नॉट बॅड’ म्हणाला, तर ती पुष्कळदा मनापासूनची दाद असते. आपल्याकडेही काही गावी ‘वाईट नाही’ हेच सर्वोच्च पारितोषिक आहे. गावाचे नाव आपणच घ्या. पण ‘क्वाइट’ ह्या शब्दाला फार जपावे. अमेरिकनाने ‘क्वाइट गुड’ म्हटले तर काम चांगलेच झाले आहे. इंग्रजाने म्हटले तर ते जेमतेम आहे, पुन्हा पाहावे. आणि तोच इंग्रज ‘क्वाइट परफेक्ट’ म्हणतो तेव्हा मात्र अगदी निर्दोष असा अर्थ होतो, कारण ज्या गुणाला कमीजास्त नसते त्याच्यापुढे ‘क्वाइट’ पूर्ण वजनाने उभा राहतो. कचेरीतील ज्या तरुणांना परदेशी वरिष्ठांची पत्रे येतात, त्यांनी एवढे जरी लक्षात ठेवले तरी पुष्कळ गैरसमज टळतील.

त्या विद्यार्थ्याने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला आणि पुन्हा माझ्याकडेच आला. मी स्नेह्याच्या सल्ल्याप्रमाणे ‘आउटस्टँडिंग’ हा शब्द लिहिला. हात किंचित अडखळला. म्हणून त्याखाली आणखी दहा ओळी लिहिल्या. कोणता प्रयोग फसला, तो फसल्यावर हा मुलगा सुट्टीत तीन आठवडे एकटा प्रयोगशाळेत कसा बसला आणि अखेरीस चूक मापनयंत्रात आहे हे त्याने कसे शोधले, ते सारे. त्याला प्रवेश मिळाला. दोहोंपैकी कशामुळे, हे त्याने मला विचारले होते. मी म्हणालो, त्या दहा ओळींमुळे. तो म्हणाला, “नाही सर, त्या ओळी वाचाव्याशा वाटल्या, त्या वरच्या शब्दामुळे.” आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.