चाळिशी ओलांडलेली गाडी: टॅक्स माफ, तपासणी माफ, पण ब्रेकचं काय?

मागच्या उन्हाळ्यात माझ्या एका मित्राने १९६८ सालची मॉरिस मायनर घेतली. फिकट हिरवा रंग, गोल दिवे, आत जुन्या कपाटासारखा वास. कोल्हापूरहून त्याची आई येणार होती आणि तिला याच गाडीतून कॉट्सवोल्ड्सला न्यायचं त्याने मनात धरलं होतं. गाडी दाखवताना स्वारी खुशीत होती. "रोड टॅक्स शून्य, एमओटीची कटकट नाही, लंडनला गेलो तर यूलेझचे साडेबारा पौंडसुद्धा नाहीत!"

तुम्ही ब्रिटनमध्ये राहत असाल, तर रविवारी सकाळी अशी एखादी गाडी गल्लीतून जाताना तुम्हालाही मोह झाला असेल. सवलती खऱ्या आहेत. पण त्या कशासाठी दिल्या आहेत आणि त्यांनी कशाची हमी दिलेली नाही, हे गाडी घेण्याआधी समजून घ्या. त्यात थोडा कायदा आहे आणि बरंचसं रसायनशास्त्र.

आधी कायदा

सवलती दोन आहेत आणि दोन्हींचं गणित वेगळं आहे.

पहिली टॅक्सची. गाडी *तयार होऊन* ४० वर्षं झाली की ती 'ऐतिहासिक' वर्गात जाऊ शकते. हा हिशेब वर्षातून एकदा, १ एप्रिलला पुढे सरकतो. म्हणजे १ जानेवारी १९८६ पूर्वी तयार झालेल्या गाड्यांना १ एप्रिल २०२६ पासून टॅक्स माफ. या सवलतीचा इतिहास गमतीदार आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यात ती २५ वर्षांच्या गाड्यांना मिळू लागली, मग थोड्याच काळात सरकारने काटा १९७३ वर गोठवला, आणि २०१४ च्या अर्थसंकल्पापासून ४० वर्षांचा सरकता नियम आला. एक लक्षात ठेवा: टॅक्स शून्य असला तरी गाडी दरवर्षी 'टॅक्स' करावीच लागते, फक्त पैसे भरायचे नसतात. आणि गाडीचा वापर धंद्यासाठी करता येत नाही. लग्नात नवरा-नवरीसाठी भाड्याने द्यायचा विचार असेल, तर ही सवलत विसरा.

दुसरी एमओटीची. ही तपासणी १९६० मध्ये सुरू झाली. तेव्हाच्या वाहतूक मंत्रालयाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडलं. २०१२ पासून १९६० पूर्वीच्या गाड्यांना तिच्यातून सूट होती. २० मे २०१८ पासून ती सूट *पहिल्या नोंदणीपासून* ४० वर्षं झालेल्या गाड्यांना मिळाली. अट अशी, की मागच्या ३० वर्षांत गाडीत मोठा बदल झालेला नसावा. चॅसी, मोनोकॉक बॉडी, अ‍ॅक्सल, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि इंजिन या गोष्टी त्यात बघितल्या जातात. गाडी या अटीत बसते हे मालकाने स्वतः जाहीर करायचं असतं. तपासायला कुणी येत नाही.

इथेच खरी मेख आहे. तपासणीतून सूट आहे, गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य ठेवण्याच्या जबाबदारीतून नाही. धोकादायक अवस्थेतली गाडी चालवल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ गुण, मग ती गाडी ४ वर्षांची असो की ६० वर्षांची.

कमी चालते, म्हणून चांगली?

सूट देताना सरकारचा युक्तिवाद साधारण असा होता: या गाड्या हौशी लोकांच्या असतात, ते त्यांची जिवापाड काळजी घेतात, वर्षाकाठी फार थोडे मैल चालवतात, आणि आजची तपासणी या जुन्या यंत्रांना नीट लागूही पडत नाही. यात तथ्य आहे. पण 'कमी चालते' या मुद्द्यामागे एक गृहीतक लपलेलं आहे: गाडी फक्त चालवल्यानेच खराब होते.

तसं नसतं. गाडीत दोन घड्याळं चालू असतात. एक मैलांचं: त्यावर ब्रेकचं अस्तर, टायरची नक्षी, बेअरिंग झिजतात. दुसरं कॅलेंडरचं: त्यावर लोखंड गंजतं, रबर म्हातारं होतं, तेलं बिघडतात. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचं पहिलं घड्याळ थांबतं. दुसरं चालूच राहतं, कधी कधी तर जास्त वेगाने.

गंज: ही एक छोटी विद्युतघट आहे. ओल्या पत्र्यावर जिथे प्राणवायू कमी पोचतो, तिथलं लोखंड विरघळू लागतं. जिथे तो भरपूर असतो, तिथे दुसरी अर्धी क्रिया होते. म्हणून उघड्या, चकचकीत भागापेक्षा दोन पत्रे एकावर एक जोडलेली सांध, चिखलाने भरलेली खाच, दाराखालची सिल अशा लपलेल्या जागा आधी सडतात. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ पाण्याची विद्युतवाहकता वाढवतं आणि हे काम आणखी सोपं करतं. मायनरला स्वतंत्र चॅसी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे मागच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला जोडल्या आहेत तिथला गंज हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीच्या हाडांचा होतो.

ब्रेक ऑइल: नाव ऑइल असलं तरी नेहमीचं ब्रेक ऑइल तेल नसतं, ग्लायकॉल-ईथर जातीचं हे द्रव हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अपेक्षा असते. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर ब्रेक तापले आणि द्रव उकळलं, तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. गाडी उभी असली तरी हेच पाणी सिलिंडर आणि पिस्टन आतून गंजवत राहतं. आजच्या गाड्यांत ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किट्स असतात, एक गेलं तरी दुसरं उरतं. मायनरमध्ये एकच आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले, हाती फक्त हँडब्रेक.

टायर: नक्षी खोल दिसते म्हणून फसू नका. प्राणवायू आणि ओझोन रबराच्या लांब साखळ्यांवर हल्ला करत राहतात. रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. टायरवर कोरलेल्या चार आकड्यांत त्याची जन्मतारीख असते: ३२१४ म्हणजे २०१४ चा ३२वा आठवडा. फेब्रुवारी २०२१ पासून इथे लॉरी आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुने टायर वापरायला बंदी आहे. खासगी मोटारींना ती नाही. पण रबराला हा फरक कळत नाही.

पेट्रोल: जुन्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीवर पातळ थर धरून तिचं रक्षण करायचं. ते आरोग्याला घातक असल्याने २००० च्या सुरुवातीपासून ब्रिटनमध्ये सर्वसाधारण विक्रीतून गेलं, आणि ते योग्यच झालं. पण ज्या इंजिनात कडक धातूच्या बैठका बसवलेल्या नाहीत, त्यात पेट्रोलमध्ये मिसळायचं रसायन लागतं. २०२१ पासून नेहमीचं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं झालं आहे. जुने रबरी पाइप आणि सील त्याने सुजतात, तडकतात. अशा गाडीत पाच टक्के इथेनॉलचं सुपर पेट्रोलच भरा.

आपल्याकडे काय?

भारतात वयाचा हिशेब वेगळा आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. पण ती गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल यांपुरतीच रस्त्यावर आणायची; रोजचा वापर नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींना मात्र वीस वर्षांची मर्यादा होती आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेल्या. तिथला कायदा जुन्या गाडीचा वापर बांधून टाकतो. इथला वापर मोकळा सोडतो आणि भरवसा मालकावर टाकतो. म्हणून इथे मालक जागा असणं जास्त गरजेचं.

तर काय करायचं?

सूट असली तरी एमओटी करून घेता येते. कमाल शुल्क ५४ पौंड ८५ पेन्स. जुन्या गाड्यांची सवय असलेला तपासनीस शोधा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. टायरची तारीख वाचा. मायनर असेल, तर पुढच्या चाकांच्या ट्रनियनना वेळेवर ग्रीस द्या; ते कोरडे राहून झिजले तर सांधा सुटतो आणि चाक आडवं होऊन गाडी त्या बाजूला बसते. आणि अधूनमधून गाडी चालवा, नुसती पुसून ठेवू नका.

मित्राच्या आईने पहिल्याच संध्याकाळी गाडीभोवती फेरी मारली, दार दोनदा उघडलं-लावलं आणि विचारलं, "कागद लागत नाही हे ठीक आहे रे, पण थांबते का ही?"

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन तपासणीला गेला. गाडी नापास. मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारी ब्रेकची नळी गंजून इतकी पातळ झाली होती, की तपासनिसाने गाडी तिथून चालवत न्यायला मनाई केली. डाव्या स्प्रिंगच्या जोडाला भोक होतं. आधीच्या मालकाने गाडीवर फार प्रेम केलं होतं, रंग तर आरशासारखा होता. पाच वर्षांत खालून मात्र कुणी बघितलं नव्हतं.

कॉट्सवोल्ड्सची सहल झाली, तीन आठवडे उशिरा. आई पुढच्या सीटवर, मांडीवर दशम्यांचा डबा. ब्रॉडवेच्या उतारावर मित्राने ब्रेक दाबला आणि गाडी थांबली.

तुमच्या गाडीला सूट असेल, तर हा प्रश्न तिला दरवर्षी तुम्हीच विचारा. आता दुसरं कुणी विचारणार नाही.