भोके ठेवलेली भिंत

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पहिल्यांदा पाहणाऱ्याला विचित्रच वाटतो. पाणी अडवायला बांधलेल्या भिंतीत ओळीने मोकळी दारे! मग भिंत हवी कशाला?

उत्तर नदीच्या स्वभावात आहे. वडगाव रासाईजवळचा असा बंधारा घ्या: गावाच्या बाजूला शिरूर तालुका, पलीकडे दौंड. मधून वाहणारी भीमा पावसाळ्यात सह्याद्रीचे पाणी आणि गाळ घेऊन येते. भरीव भिंतीमागे हा गाळ साचला असता आणि पूर काठच्या उसात शिरला असता. म्हणून पावसाळ्यात दारे मोकळी ठेवतात. पूर ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरात, दारांच्या खाचांत ढापे (काढता येणाऱ्या झडपा) बसवले की पात्रातच पाणी साठते आणि काठावरच्या पंपांच्या मोटारी चालतात. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन ओळी लावून मध्ये माती ठासत. पुढे लोखंडी ढापे आणि रबरी पट्ट्या आल्या.

ढापे माणसांनीच बसवायचे-काढायचे, हा या रचनेचा खरा दोष. आपोआप उघडणारी दारे अभियंते विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्येच खडकवासल्याच्या सांडव्यावर बसवली होती. धरण न वाढवता तिथली साठवण पातळी सुमारे ८ फुटांनी उंचावली. मोठ्या धरणाला ती करामत परवडली. लहान बंधाऱ्याला अशा दारांची तोलाची वजने आणि त्यांची निगा झेपणारी नाहीत. इथे साधा ढापाच सरस.

मात्र ढापे अडकलेले असताना पूर आला, तर पाणी बगलेने वळून भराव आणि शेतजमीन कापत जाते. त्यामुळे पहिल्या पुराआधीच ढापे काढून काठावर रचले जातात.